बालकाचे पहिले आसन

मुलाचे पहिले पाऊल, पहिला दात, पहिला शब्द यांचे घरात मोठे कौतुक होते. पुष्कळ घरांतून त्यांच्या तारखाही टिपून ठेवल्या जातात. परंतु पोटातील वेग ओळखणे, तो क्षणभर आवरणे, योग्य जागी जाऊन बसणे आणि मग तो मोकळा करणे, ही जी चार पायऱ्यांची विद्या मूल दोन-तीन वर्षांच्या वयात संपादन करते, तिची नोंद कोणी ठेवीत नाही. एकदा आली की ती जन्मभर पुरते. पण तिच्याविषयी चारचौघांत बोलणे प्रशस्त नव्हे अशी समजूत असल्यामुळे, ती शिकविण्याची रीत आणि त्यासाठी लागणारे साधन यांचा विचार बहुधा दुकानातील फळीपुढे उभे राहून घाईघाईने केला जातो.

ती फळी आता बरीच लांब झाली आहे. अस्वलाच्या तोंडाचे भांडे, मोटारीच्या आकाराचे आसन, ओले होताच गाणे वाजविणारी खुर्ची, कमोडवर ठेवावयाची गादीची बैठक, तिलाच जोडलेली लहानशी शिडी, असे नाना प्रकार तेथे मांडलेले असतात. किंमत काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत जाते. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर किंवा दिल्ली येथे नोकरीनिमित्त राहणारे एखादे मराठी जोडपे, ज्यांच्या घरात सल्ला द्यावयास वडीलधारे माणूस नाही, ते खोक्यावरील हसऱ्या मुलाचे चित्र पाहून त्यांतील एक उचलते. घरी आल्यावर मूल चार दिवस त्या वस्तूशी खेळते आणि पाचव्या दिवशी तीवर बसण्याचे नाकारते. मग मूल हट्टी ठरते, उशिरा शिकणारे ठरते, क्वचित शेजारच्या मुलाशी त्याची तुलनाही होते. वास्तविक दोष पुष्कळदा मुलाचा नसून आसनाचा असतो. म्हणून आसन कसे पारखावे हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी, विकतचे आसन नव्हते तेव्हा काय चालत असे ते पाहणे उपयुक्त होईल. मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत अशी, की आई किंवा आजी जमिनीवर बसते, गुडघे किंचित दुमडून दोन्ही पावलांमध्ये थोडी फट ठेवते, खाली फडके किंवा कागद अंथरते आणि बाळाला आपल्याकडे तोंड करून पायांवर बसविते. बाळाचे दोन्ही हात तिच्या हातांत असतात आणि तोंडाने ती एक ठरावीक आवाज काढीत असते. काही दिवसांतच त्या आवाजाची आणि त्या क्रियेची गाठ बाळाच्या ठायी पडते. ज्या पायांवर बाळाला न्हाऊ घालावयाचे, त्याच पायांवर त्याला शीला बसवावयाचे. मातेचे पाय हेच बालकाचे पहिले आसन होते.

ही रीत केवळ आपल्याकडचीच आहे असेही नव्हे. पूर्व आफ्रिकेतील डिगो जमातीच्या माता याच तऱ्हेने आपल्या पायांच्या आधाराने तान्ह्या मुलांना बसवितात. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचे सविस्तर वर्णन आले आहे. तेथे जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच या शिक्षणास प्रारंभ होतो, आणि पाच-सहा महिन्यांचे मूल आईच्या साहाय्याने बहुतांशी कोरडे राहू लागते, असे त्या अभ्यासकांना आढळले.

या आसनाचे गुण नीट पाहिले पाहिजेत. बालकाचे बूड खाली आणि गुडघे वर अशी उकिडवी बैठक त्यात आपोआप साधते. मांड्यांना व पावलांना भक्कम आधार मिळतो. स्पर्श उबदार असतो, आणि समोर ओळखीचा चेहरा असल्यामुळे भीती वाटत नाही. आसनाचे माप प्रत्येक वेळी बालकाप्रमाणे बदलते, कारण आई पावले जवळ घेते किंवा दूर सारते.

याच्या उलट उदाहरणही जुनेच आहे. ग्रीस देशात अथेन्स येथील प्राचीन बाजारचौकाच्या उत्खननात भाजलेल्या मातीचे एक बालकासन सापडले. ते ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आरंभीचे असून तेथील संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. उंच बैठकीवर एक खोलगट भांडे, त्याच्या पुढच्या बाजूस पाय बाहेर काढण्यासाठी जागा, आणि बसावयाच्या ठिकाणी भोक अशी त्याची घडण आहे. अशा आसनात बसविलेल्या मुलाची चित्रे ग्रीक भांड्यांवरही आढळतात. आत ठेवलेल्या मुलाला आपण होऊन बाहेर येता येत नाही आणि त्याचे पाय अधांतरी लोंबत राहतात. मूल सुरक्षित राहते आणि आईला घरातील कामे करता येतात, ही त्याची सोय उघड आहे. ती सोय मोठ्या माणसांची आहे. तेव्हापासून आजपर्यंत बाजारात आलेल्या प्रत्येक आसनाला हाच प्रश्न विचारता येतो, की हे कोणाच्या सोयीचे आहे? मुलाच्या, की मोठ्यांच्या?

आता कोणी म्हणेल, की जुनी रीत इतकी चांगली असेल तर विकतच्या आसनाची गरजच काय? ती गरज वयाबरोबर उत्पन्न होते. पायांवर बसणाऱ्या तान्ह्या मुलाच्या बाबतीत वेग ओळखण्याचे काम आई करीत असते. मुलाने तो स्वतः ओळखावा, आवरावा आणि सांगावा यासाठी मूत्राशय व गुदद्वार यांच्या स्नायूंवर मेंदूचा ताबा यावा लागतो, आणि तो साधारणतः दीड वर्षानंतर हळूहळू येऊ लागतो. तोपर्यंत मूल चालू लागलेले असते, पायांवर पेलवत नाही, आणि त्याला सर्व काही ‘मीच’ करावयाचे असते. अशा वेळी त्याला स्वतःचे असे आसन लागते.

ते केव्हा आणावे याविषयी घराघरांतून मतभेद असतात. “अगं, तुझा नवरा वर्षाचा असताना सांगत होता,” असे सासूबाई म्हणतात, आणि “अहो आई, डॉक्टर म्हणतात घाई करू नका,” असे सून म्हणते. दोघींचेही म्हणणे आपापल्या परीने खरे आहे. सासूबाई ज्याला सांगणे म्हणतात त्यात त्यांचे स्वतःचे बारीक लक्ष मोठ्या प्रमाणात मिसळलेले असते, आणि सून ज्याविषयी बोलते ते मुलाचे स्वतंत्र नियंत्रण होय. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली आपल्या देखरेखीखालील १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मुलाच्या कलाने शिकविले असता दिवसाचे नियंत्रण सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांच्या सुमारास आले, असे त्या नोंदींवरून दिसते. सरासरी म्हणजे नियम नव्हे. कोणी दोन वर्षांपूर्वी शिकते, कोणाला तीन वर्षे पुरी होतात. रात्रीचे कोरडेपण तर त्याहूनही उशिरा येते, आणि पाच वर्षांपर्यंत अधूनमधून अंथरूण ओले होणे हा आजार समजला जात नाही.

म्हणून तारखेपेक्षा लक्षणांकडे पाहावे. दोन तास लंगोट किंवा डायपर कोरडा राहणे, बसता-उठता येणे, साधी सूचना समजणे, वेग येताच एखाद्या कोपऱ्यात जाऊन उभे राहणे, ओले झालेले कपडे नकोसे वाटणे ही ती लक्षणे होत. ती दिसू लागली की आसन घरात आणावयास हरकत नाही. ब्रेझल्टन यांची एक सूचना आजही उपयोगी आहे. ती अशी, की पहिले काही दिवस मुलाला कपड्यांसह त्या आसनावर नुसते बसू द्यावे. ‘ही माझी खुर्ची’ अशी आपुलकी उत्पन्न झाली की पुढचे काम निम्मे होते.

मुलाच्या मापाची वस्तू ही कल्पना बालशिक्षणातूनही आपल्या परिचयाची झालेली आहे. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये पहिले बालगृह उघडले. मुलाला हाताळता येतील अशी लहान व हलकी टेबले-खुर्च्या हे त्यांच्या शिक्षणपद्धतीचे प्रसिद्ध वैशिष्ट्य होय. ती पद्धती महाराष्ट्रात रुजविणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या परिसरात बालवाड्या चालविल्या, तेव्हा स्थानिक व स्वस्त साधनांवर त्यांचा कटाक्ष होता. मुलाच्या मापाचे, मुलाला स्वतः वापरता येणारे आणि आपल्या परिस्थितीत परवडणारे, अशी ही तीन वचने शौचासनालाही जशीच्या तशी लागू पडतात.

आसनाची पहिली परीक्षा पायांची. बसल्यावर मुलाची दोन्ही पावले पूर्णपणे टेकली पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या बरोबरीने किंवा किंचित वर आले पाहिजेत. यामागे शरीराची रचना आहे. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला एक स्नायू गोफणीसारखा वळसा घालून तेथे बाक निर्माण करतो. उभे असताना हा बाक कायम राहतो आणि त्यामुळे मळ आत धरून ठेवता येतो. उकिडवे बसले म्हणजे तो स्नायू सैल पडतो, मार्ग सरळ होतो आणि कुंथावे लागत नाही. पाय अधांतरी असले म्हणजे मूल पडण्याच्या भीतीने मांड्या व बूड आवळून धरते. ज्या स्नायूंनी सैल व्हावे तेच घट्ट होतात आणि मूल नुसते बसून राहते. ‘अर्धा तास बसवले तरी काही नाही, आणि उठवल्याबरोबर चड्डीत!’ ही सर्व आयांची जी तक्रार असते, तिचे एक कारण या लोंबत्या पायांत आहे. पुन्हा उभे राहिले की पावले जमिनीला टेकतात, भीती जाते आणि आवळलेले स्नायू सैल होतात.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी एक दोरी घ्यावी. मूल अनवाणी उभे असता जमिनीपासून त्याच्या गुडघ्याच्या मागील लवणीपर्यंतचे अंतर मोजून दोरीला गाठ मारावी. आसनाच्या बैठकीची उंची या गाठीइतकी किंवा थोडी कमी असावी. अधिक असू नये.

दुसरी परीक्षा स्थैर्याची. आसनाच्या एका कडेवर हाताने जोर देऊन पाहावे. दुसरी बाजू उचलली गेली तर ते नाकारावे, कारण मूल नेहमी मधोमध बसत नाही; ते वाकते, वळते, मागे पाहते. तळाशी रबराची कड असेल तर ओल्या फरशीवर आसन सरकत नाही. एकदा आसनासकट उलटलेले मूल पुढे कित्येक दिवस त्याच्याजवळ फिरकत नाही.

तिसरी परीक्षा स्वातंत्र्याची. मुलाला कोणाची मदत न घेता तेथे जाता, बसता व उठता आले पाहिजे. पुढून दांडी, पट्टा किंवा फळी लावून मुलाला अडकवून ठेवणारी आसने या परीक्षेत उतरत नाहीत. येथे कपड्यांचाही विचार केला पाहिजे. जुन्या काळचे गुडघ्यापर्यंतचे झबले या दृष्टीने फार शहाणपणाचे होते. आजच्या मुलांना निदान या काही महिन्यांत तरी सैल नाडीची किंवा इलॅस्टिकची, एका झटक्यात खाली ओढता येणारी चड्डी घालावी. बक्कल, बटणे आणि घट्ट विजार ही या शिक्षणातील मोठी विघ्ने आहेत. वेग आणि वेळ यांच्यात मुलाच्या हाती क्षणांचेच अंतर असते.

चौथी परीक्षा धुण्याची, आणि तिच्याकडे आपल्याकडील ग्राहकाने विशेष लक्ष द्यावयास हवे. बाजारातील पुष्कळ आसनांचे घाट ज्या देशांतून आले, तेथे शौचानंतर कागद वापरतात. आपण पाणी वापरतो. कमोडवर ठेवावयाच्या बैठकीचे भोक इतके लहान असते की मूल बसलेले असताना मोठ्या माणसाचा हात आणि पाणी आत जाऊ शकत नाही. परिणामी मुलाला उचलून मोरीवर न्यावे लागते, वाटेत फरशी व कपडे खराब होतात, आणि मूल कंटाळते. म्हणून बैठकीच्या पुढे किंवा मागे हात जाईल इतकी मोकळी जागा आहे की नाही हे पाहून घ्यावे. जमिनीवरच्या भांड्याच्या बाबतीत ते मोरीजवळ किंवा न्हाणीघरात ठेवले म्हणजे हा प्रश्न सुटतो. मऊ गादीच्या बैठका पाण्याने भिजतात, शिवणीतून मळ धरतात आणि लौकर वाळत नाहीत. गुळगुळीत, एकसंध प्लास्टिकचे आसन दिसावयास साधे असले तरी धुवावयास सोपे असते आणि उन्हात ठेवले की वाळते.

मुलग्यांसाठी काही आसनांना पुढून उंच कड दिलेली असते. लघवीची धार बाहेर जाऊ नये हा तिचा हेतू. पण बसता-उठता तीच कड नाजूक जागी लागण्याचा संभव असतो. ती काढून ठेवता येण्यासारखी असावी, किंवा मुळातच बसकी व गोलसर असावी. मुलाला किंचित पुढे वाकून बसावयास शिकविले म्हणजे तिचे काम बहुधा पडत नाही. गाणी वाजविणारी आसने पहिल्या आठवड्यापुरतीच मोहक असतात. मुलाचे लक्ष आपल्या पोटाकडे जावे अशी वेळ असते, आणि ते बटणांकडे जाते. आसनावर बसवून जेवू घालणे किंवा हातात मोबाइल देणे हाही याच जातीचा दोष होय.

आता घराप्रमाणे निवड कशी बदलते ते पाहू. कमोड असलेल्या घरात दोन मार्ग आहेत: जमिनीवरचे वेगळे भांडे, किंवा कमोडवर बैठक आणि पायांखाली चौकी. कमोडची उंची सुमारे ४० सेंटिमीटर असते. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने तो मोठा ओटाच होय. नुसती बैठक ठेवून भागत नाही. पावले टेकावयास भक्कम व रुंद चौकी हवीच. एखादा जुना चौरंग त्यासाठी पुरतो. मात्र तो डगमगता नसावा. शिवाय कमोडच्या साखळीचा किंवा बटणाचा मोठा आवाज व पाण्याचा लोट पाहून काही मुले भितात. आपल्या शरीरातून निघालेली वस्तू कोठे नाहीशी झाली याचेही त्यांना कोडे पडते. अशा मुलाला आधी जमिनीवरचे भांडे द्यावे आणि काही महिन्यांनी कमोडकडे वळवावे. मूल उठून दूर झाल्यावर पाणी सोडावे. पुढे ते काम त्याच्याच हाती द्यावे.

उकिडवे बसण्याचा शौचकूप असलेली घरे आजही पुष्कळ आहेत. शरीराच्या दृष्टीने ही बैठक उत्तमच. अडचण मापाची असते. दोन्ही पायऱ्यांमधील अंतर मोठ्या माणसाच्या बेताचे असल्याने मुलाला पाय फाकून बसावे लागते, आणि खालच्या भोकात पडण्याची भीती त्याला वाटते. ती भीती खोटी म्हणून हसण्यासारखी नसते. मुलाच्या मापाने पाहिले तर ती रास्त आहे. पूर्वी परसात दोन विटा मांडून मुलांना बसवीत, त्यात हेच शहाणपण होते: विटांमधील अंतर मुलाच्या मापाचे असे. आजही अशा घरात एक बुटके भांडे वापरावे, आणि मुलाची उंची वाढली की, धरावयास आपला हात देऊन, त्याला शौचकूपावर बसवावे. तोवर उकिडवे बसण्याची सवय अंगी असलेले मूल हा बदल लौकर स्वीकारते.

सार्वजनिक पातळीवरही हा मापाचा विचार ओळखला गेला आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाड्या देशभर पसरल्या. १९९९ साली सुरू झालेल्या संपूर्ण स्वच्छता अभियानात अंगणवाड्यांसाठी बालकांच्या मापाच्या शौचालयांची तरतूद करण्यात आली. ज्या अंगणवाडीत असे शौचालय आहे व ते पाण्यासह चालू आहे, तेथील मूल घरी जाऊन मोठ्यांनाही शिकविते.

यापुढचा मुद्दा असा, की जो एका घरापुरता राहत नाही. भांड्यात जमलेला मळ जातो कोठे? लहान मुलाची शी निरुपद्रवी असते, तिला काय होते, अशी समजूत शहरी व ग्रामीण दोन्ही घरांतून आढळते. त्यामुळे ज्या घरात मोठी माणसे शौचालयाशिवाय जात नाहीत, त्याच घरात मुलाचा मळ गटारात, उकिरड्यावर किंवा अंगणाच्या कडेला टाकला जातो. वस्तुस्थिती उलट आहे. अतिसार व जंत यांचे उपद्रव लहान मुलांतच अधिक. त्यांच्या मळातून ते रोगबीज जमिनीवर, माशांवर, हातांवर आणि पुन्हा दुसऱ्या बालकाच्या तोंडात पोचतात. जी मुले जमिनीवर रांगतात आणि हाती येईल ते तोंडात घालतात, त्यांनाच याची पहिली झळ लागते.

ग्रामीण बांगलादेशात साडेपाच हजारांहून अधिक गर्भवती स्त्रियांची कुटुंबे घेऊन एक मोठा प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काही वस्त्यांतील कुटुंबांना सुधारलेले शौचालय, मुलासाठी भांडे आणि मळ उचलण्यासाठी एक खुरपेवजा साधन देण्यात आले, आणि त्यांचा वापर कसा करावा हे वारंवार घरी जाऊन समजाविण्यात आले. ज्या वस्त्यांत असे काही केले नव्हते तेथे मागील सात दिवसांत अतिसार झालेली मुले शेकडा ५.७ होती, ही साधने दिलेल्या वस्त्यांत ती शेकडा ३.५ आढळली. याच धर्तीवर केनियात झालेल्या प्रयोगात मात्र अतिसार कमी झाला नाही. मुलांच्या वाढीवरही एकट्या स्वच्छतेचा परिणाम दोन्हीकडे दिसला नाही. म्हणजे भांडे हे काही रामबाण औषध नव्हे. ते शौचालय, पाणी, साबण आणि घरातील माणसांची सवय यांच्या साखळीतील एक कडी आहे. ती निसटली तर पुढच्या कड्या व्यर्थ जातात.

यावरून आसनाची पाचवी परीक्षा निघते. आतील भांडे वेगळे निघावे, त्याला धरावयास कान असावा, आणि एका हाताने उचलले असता सांडू नये. जे भांडे रिकामे करणे कटकटीचे, ते शेवटी जवळच्या गटारातच रिकामे होते. मळ शौचकूपात टाकावा, भांडे धुतलेले पाणीही तेथेच ओतावे, आणि मग भांडे उन्हात ठेवावे. त्यानंतर मोठ्यांनी आणि मुलाने, दोघांनीही, साबणाने हात धुवावेत. हात धुणे हा या शिक्षणाचाच शेवटचा धडा आहे. न्हाणीघरात पाण्याने भरलेली बादली उघडी ठेवू नये, हीही सूचना येथेच दिली पाहिजे. एकट्याने तेथे जाऊ लागलेले लहान मूल वितभर पाण्यातही बुडू शकते.

आसन योग्य असूनही शिक्षण बिघडते ते बहुधा जबरदस्तीने. जेवणानंतर आतड्यांची हालचाल स्वाभाविकपणे वाढते; म्हणून त्या सुमारास पाच-सात मिनिटे बसविणे पुरे असते. त्याहून अधिक वेळ बसविले तर आसन ही शिक्षा वाटू लागते. ओरडणे, चारचौघांत लाजविणे, ‘शी, घाण!’ म्हणून नाक मुरडणे यांचा परिणाम असा होतो, की मूल वेग दाबून धरावयास शिकते. दाबलेला मळ कठीण होतो, कठीण मळ दुखतो, दुखले की मूल अधिकच दाबते. हे चक्र एकदा सुरू झाले तर आसन बदलून उपयोग नसतो. त्या वेळी काही दिवस शिक्षण थांबवावे, आहारात पाणी, फळे व भाज्या वाढवाव्यात, आणि मलावरोध हटत नसेल किंवा रक्त दिसत असेल तर विलंब न लावता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरात नवे बाळ येणे, बदलीमुळे गाव व घर बदलणे, आजारपण, अशा प्रसंगी शिकलेले मूलही काही काळ मागे जाते. बदलीच्या गावी सामानाबरोबर त्याचे ओळखीचे भांडे आधी पोचावे, एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ त्रास वाचतो.

ज्या मुलांचे स्नायू दुर्बल आहेत किंवा ज्यांना तोल सांभाळता येत नाही, त्यांच्यासाठी या साऱ्या परीक्षा अधिकच काटेकोरपणे लावाव्या लागतात. अशा मुलाला पाठीला टेकण, दोन्ही बाजूंस हात आणि पायांखाली पक्की फळी लागते. प्रसंगी छातीशी मऊ पट्टाही लागतो, आणि तेथे तो बंधन नसून आधार असतो. गावातील सुतार एखाद्या लहान लाकडी खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून व खाली भांडे सरकविण्याची सोय करून असे आसन तयार करू शकतो. व्यायामोपचार करणाऱ्या तज्ज्ञाला एकदा दाखवून माप ठरविले म्हणजे झाले. शिकावयास वेळ अधिक लागेल. पण स्वतःची स्वच्छता स्वतः राखण्याचा आनंद व अभिमान या मुलालाही तितकाच असतो.

सारांश, आसन महाग असण्याचे कारण नाही. ज्यावर पावले टेकतात, जे उलटत नाही, जेथे मूल आपण होऊन बसते व उठते, ज्यावर पाण्याने धुता येते, आणि ज्यातील मळ सहज शौचकूपात पोचतो, ते आसन चांगले. एक वर्ष किंवा फार तर दीड वर्ष त्याचे काम असते. मग एखाद्या दिवशी मूल खेळ टाकून उठते, कोणाला न सांगता जाते, आपले काम आटोपते, हात धुऊन परत येते आणि अर्धवट राहिलेला मनोरा पुन्हा रचू लागते. आई स्वयंपाकघरात असते. तिच्या हे लक्षातही येत नाही. ज्या घरात असा दिवस न रागावता, न लाजविता उगवला, त्या घराने आसनाची निवड योग्य केली होती असे समजावे.